एकाच देशाच्या जनगणनेचे चार फॉर्म: तुमची बेरीज का जुळत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एका मराठी मंडळासाठी ब्रिटनमधल्या भारतीयांची आणि मराठी भाषकांची आकडेवारी जमवताय. इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड अशा चारही ठिकाणची कोष्टकं उतरवून घेतलीत, एका शीटमध्ये शेजारी शेजारी लावलीत आणि रकाने जुळेनात. कुठे प्रश्नच नाही, कुठे पर्याय वेगळे, स्कॉटलंडचं तर वर्षही वेगळं. तुम्ही विचारलंय, ‘देश एक, मग जनगणनेचा फॉर्म एक का नाही? आणि आता बेरीज करू कशी?’

गेली वीसेक वर्षं मी इथल्या स्थानिक प्रशासनांसाठी हेच आकडे चाळतेय. कुठल्या वस्तीत शाळेच्या किती जागा लागतील, कुठल्या दवाखान्यात कुठल्या भाषेचा दुभाषा ठेवावा, असली कामं. तुम्हाला आत्ता जो वैताग आलाय तो मला पहिल्या वर्षीच आला होता.

तर, ‘ब्रिटनची जनगणना’ अशी एक गोष्ट मुळात नाहीच. तीन कार्यालयं तीन जनगणना करतात. इंग्लंड आणि वेल्सची एक, स्कॉटलंडची दुसरी, उत्तर आयर्लंडची तिसरी. कायदेही वेगळे: ग्रेट ब्रिटनसाठी, म्हणजे इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडसाठी, १९२० चा, उत्तर आयर्लंडसाठी १९६९ चा. स्कॉटलंडमध्ये काय विचारायचं ते स्कॉटलंडची संसद ठरवते. वेल्सची जनगणना इंग्लंडबरोबर होते, पण फॉर्म वेगळा आणि तो वेल्शमध्येही भरता येतो. म्हणून कार्यालयं तीन आणि फॉर्म चार. बहुतेक प्रश्न सगळीकडे सारखे असावेत म्हणून ही मंडळी आपसांत बसून घासाघीस करतात. जे प्रश्न जुळत नाहीत ते बहुतेक वेळा निष्काळजीपणामुळे नाही, तर त्या त्या भूमीवर त्याच मुद्द्यावरून भांडण झालेलं असतं म्हणून.

तारखेपासून सुरुवात करू, कारण तुमच्या कामात सगळ्यात मोठा खड्डा तिथेच आहे. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडची जनगणना २१ मार्च २०२१ ला झाली. स्कॉटलंडने कोविडमुळे ती एक वर्ष पुढे ढकलली आणि २० मार्च २०२२ ला घेतली. आता २०२१ च्या उन्हाळ्यात लीड्सहून एडिंबरोला राहायला गेलेला माणूस दोनदा मोजला गेला. ग्लासगोहून मँचेस्टरला आलेला एकदाही नाही. पूर्ण देशाच्या बेरजेसाठी असे हिशेब सांख्यिकीने सांभाळून घेतात, पण तुमच्यासारखा छोटा समूह असला की फरक ठळक दिसतो. १ जुलै २०२१ पासून पदवीनंतर इथे राहून काम करण्याचा नवा व्हिसा सुरू झाला आणि त्या सप्टेंबरात भारतातून विद्यार्थ्यांची मोठी लाट आली. पुण्याहून ग्लासगोला उतरलेला मुलगा २०२२ च्या जनगणनेत आहे. त्याच विमानाने येऊन बर्मिंगहॅमला गेलेला त्याचा मित्र कुठेच नाही, कारण इंग्लंडची मोजणी सहा महिन्यांपूर्वीच आटोपली होती. तेव्हा ‘स्कॉटलंडात मराठी तरुणांचं प्रमाण इतकं कसं’ असा निष्कर्ष काढायच्या आधी जरा थांबा.

स्कॉटलंडबद्दल आणखी एक. तिथे फॉर्म भरणाऱ्या घरांचं प्रमाण ८९ टक्क्यांवर अडकलं. इंग्लंड-वेल्समध्ये ते ९७ होतं. मुदत वाढवूनही फार फरक पडला नाही, मग उरलेली भर सरकारी नोंदींच्या आधारे अंदाजाने घालावी लागली. एकूण लोकसंख्येला ते चालतं. पण एखाद्या वॉर्डातल्या पन्नास-साठ माणसांवर बोलायचं असेल तर मी तरी तोंड जपून उघडते.

आता पर्यायांचा क्रम. ही चूक माझ्या हातून होता होता राहिली, म्हणून तपशिलात सांगते. २०११ पासून ‘तुम्ही स्वतःला कोण समजता’ असा राष्ट्रीय ओळखीचा प्रश्न आहे. २०११ मध्ये इंग्लंडच्या फॉर्मवर पहिली चौकट ‘इंग्लिश’ होती. २०२१ मध्ये ‘ब्रिटिश’ वर गेलं. बाकी फारसं काही बदललं नाही. निकाल बघा: इंग्लंड-वेल्स मिळून ‘फक्त इंग्लिश’ म्हणणारे ५७.७ टक्क्यांवरून १४.९ वर आले आणि ‘फक्त ब्रिटिश’ १९.१ वरून ५४.८ वर गेले. माझ्या हाताखालच्या मुलाने याचा सुरेख आलेख काढला, वर मथळा दिला की दहा वर्षांत इंग्लिश अस्मिता ओसरली. मी घाईत होते, सही करून टाकली. बैठकीच्या आदल्या रात्री सहज दोन्ही सालांचे फॉर्म शेजारी ठेवले आणि पोटात गोळा आला. अस्मिता होती तिथेच होती, चौकट हलली होती. सांख्यिकी कार्यालयानेही निकालासोबत हा इशारा दिला होता. आम्ही तो वाचला नव्हता, एवढंच.

वेल्सच्या फॉर्मवर मात्र ‘वेल्श’ दोन्ही वेळा सगळ्यात वर होतं. तिथे ‘फक्त वेल्श’ म्हणणारे ५७.५ वरून ५५.२ वर आले. म्हणजे जिथे क्रम बदलला नाही तिथे उत्तरही फारसं बदललं नाही. दोन प्रदेशांचे फॉर्म वेगळे असण्याचा हा फायदा: एक दुसऱ्याची परीक्षा घेतो.

वेल्सला ही चौकट सहजासहजी मिळालेली नाही. २००१ मध्ये स्कॉटलंडच्या फॉर्मवर वांशिक गटात ‘स्कॉटिश’ची चौकट होती, इंग्लंड-वेल्सच्या फॉर्मवर ‘ब्रिटिश’ आणि ‘आयरिश’. वेल्शवाल्यांनी ‘इतर’मध्ये जाऊन हाताने लिहायचं. लोक चिडले, फॉर्मवर बहिष्काराची भाषा झाली. तरी वेल्समध्ये सुमारे १४ टक्के लोकांनी पेन उचलून ‘वेल्श’ लिहिलं. दहा वर्षांनी, प्रश्न निराळा असला तरी, चौकट समोर छापून आली आणि दोन तृतीयांश लोकांनी तिच्यावर खूण केली. छापलेली चौकट आणि कोरी ओळ यांत केवढा फरक असतो ते यावरून ध्यानात घ्या. ‘मराठी’ची चौकट कुठेच नाही. आपल्याला ‘इतर’वर खूण करून पुढे हाताने लिहावं लागतं.

भाषेचं प्रकरण माझ्या आवडीचं आहे. वेल्समध्ये १८९१ पासून वेल्श भाषेचा प्रश्न आहे: समजते का, बोलता येते का, वाचता येते का, लिहिता येते का. २०२१ मध्ये १७.८ टक्के म्हणाले बोलता येते, म्हणजे साधारण ५ लाख ३८ हजार. २०११ मध्ये हे १९ टक्के होते. तिथल्या सरकारने २०५० पर्यंत दहा लाख वेल्श भाषक करायचं ठरवलंय, त्यामुळे हा एक आकडा आला की कार्डिफमध्ये आठवडाभर दुसरा विषय नसतो. पण हाच प्रश्न इंग्लंडच्या फॉर्मवर नाही. माझी एक सहकारी कार्डिफची. घरात वेल्श, शाळा वेल्श, स्वप्नंही वेल्शमध्ये पडतात म्हणते. नोकरीसाठी ती सेव्हर्न नदीवरचा पूल ओलांडून ब्रिस्टलला आली आणि जनगणनेच्या लेखी तिची भाषा पुलावरच राहिली. लंडनमध्ये वेल्श बोलणारे किती आहेत, हे या जनगणनेतून धड सांगता येत नाही.

उलट, वेल्सच्या फॉर्मवर ‘तुमची मुख्य भाषा कोणती’ या प्रश्नाला पहिली चौकट आहे ‘इंग्लिश किंवा वेल्श’. दोन्ही एकाच चौकटीत! दोघींत धाकटी-थोरली ठरवायची नाही म्हणून हा तोडगा. त्यामुळे ज्याची मुख्य भाषा खरोखर वेल्श आहे त्याला ते सांगायची सोय वेल्समध्येच नाही.

स्कॉटलंडमध्ये गेलिक या तिथल्या जुन्या भाषेचा प्रश्न १८८१ पासून आहे आणि २०११ पासून स्कॉट्स भाषेचाही. स्कॉट्सची पंचाईत आपल्याला लगेच कळेल. आपण बोलतो ती स्कॉट्स भाषा की इंग्लिशचाच गावाकडचा हेल, हे बोलणाऱ्यालाच ठाऊक नसतं. म्हणून २०११ च्या आधी एक संकेतस्थळ काढलं होतं, तिथे नमुने ऐका-वाचा आणि मग ठरवा. मला तेव्हा मालवणी आठवली. भारताच्या जनगणनेत मालवणी कोकणीखाली मोजतात, खानदेशी स्वतंत्र धरतात. कणकवलीच्या माणसाला हे सांगून बघा, तासभर तरी सुटका नाही.

आता तुमच्या मराठी भाषकांकडे. इंग्लंडमध्ये विचारतात ती ‘मुख्य भाषा’, मातृभाषा नव्हे. ठाण्याहून येऊन बारा वर्षं बँकेत काम करणारा, मुलांशी अर्धं इंग्लिश बोलणारा माणूस बिनदिक्कत ‘इंग्लिश’वर खूण करतो आणि गणपतीत आरती मात्र तोच सांगतो. स्कॉटलंडमध्ये २०११ ला वेगळं विचारलं होतं: घरी इंग्लिशखेरीज दुसरी भाषा वापरता का? तोच माणूस एडिंबरोत असता तर त्याने ‘हो, मराठी’ लिहिलं असतं. एक घर, एक स्वयंपाकघर, तरी एका फॉर्मवर मराठी आणि दुसऱ्यावर नाही. तेव्हा २०११ चे हे दोन आकडे एकत्र करू नका. दोन स्वतंत्र रकाने ठेवा आणि मथळ्यात प्रश्नाचे शब्द लिहा.

धर्माचा प्रश्न उत्तर आयर्लंडमध्ये सगळ्यात जड आहे. आयर्लंडच्या जनगणनेत तो १८६१ पासून आहे, इंग्लंड-वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये २००१ ला आला. इंग्लंडच्या फॉर्मवर ‘ख्रिश्चन’ ही एकच चौकट, सगळे पंथ त्यात. उत्तर आयर्लंडमध्ये एवढ्यावर भागत नाही. तिथे कॅथलिक, प्रेस्बिटेरियन, चर्च ऑफ आयर्लंड, मेथडिस्ट असं वेगवेगळं. आणि ‘कुठलाच नाही’ म्हटलं तरी सुटका नाही, पुढचा प्रश्न येतो: तुम्ही कुठल्या धर्मात वाढलात? तिकडचा जुना विनोद आहे. एकजण म्हणतो, मी नास्तिक. समोरचा विचारतो, ते ठीक, पण कॅथलिक नास्तिक की प्रोटेस्टंट नास्तिक? जनगणनेने तोच विनोद गंभीरपणे छापलाय आणि त्याला कारण आहे. नोकऱ्यांत दोन समाजांना न्याय मिळतो का, हे तिथे कायद्याने मोजावं लागतं. माणूस आज चर्चमध्ये जातो का, यापेक्षा तो कुठल्या गल्लीत वाढला याला त्या हिशेबात जास्त वजन आहे. २०२१ चे आकडे बघा: ‘धर्म नाही’ म्हणणारे १७.४ टक्के. दुसरा प्रश्न जोडून समाज ठरवला की तेच ९.३ उरतात. कॅथलिक ४२.३ होते ते ४५.७ होतात, आणि प्रोटेस्टंट व इतर ख्रिश्चन ४३.५. शंभर वर्षांच्या इतिहासात कॅथलिक पहिल्यांदाच पुढे गेल्याची बातमी जगभर झाली ती याच आकड्यांवर.

तिथे फॉर्म भरणं ही कधी काळी जिवाची गोष्ट होती. १९८१ मध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या कैद्यांनी तुरुंगात केलेल्या उपोषणांच्या दिवसांत अनेकांनी जनगणनेवर बहिष्कार घातला आणि डेरी शहरात घरोघर फॉर्म गोळा करणाऱ्या एका तरुण महिलेची गोळी घालून हत्या झाली. माजी सैनिक आहात का, हा प्रश्न इंग्लंड-वेल्समध्ये २०२१ ला आणि स्कॉटलंडमध्ये २०२२ ला आला, उत्तर आयर्लंडच्या फॉर्मवर तो नाही. ज्या गल्लीत ब्रिटिश सैन्यात होतो हे शेजाऱ्याला सांगत नाहीत, तिथे ते फॉर्मवर कोण लिहील?

स्कॉटलंडमध्ये ‘धर्म नाही’ ५१.१ टक्के आणि इंग्लंड-वेल्समध्ये ३७.२, ही तुलना वर्तमानपत्रांत सर्रास दिसते. फरक खरा आहे, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चचे लोक ३२.४ वरून २०.४ वर आलेत हे त्याच फॉर्मच्या दोन फेऱ्यांत दिसतं. पण शब्द वेगळे आहेत हे कोणी सांगत नाही. इंग्लंडमध्ये विचारतात, ‘तुमचा धर्म कोणता?’ स्कॉटलंडमध्ये, ‘तुम्ही कुठल्या धर्माचे, पंथाचे वा संस्थेचे आहात?’ पहिल्या प्रश्नाला लहानपणी आईने शिकवलेलं उत्तर तोंडात येतं. दुसऱ्याला माणूस क्षणभर विचार करतो, मी कशाचा सभासद आहे बरं?

सगळ्यात बोलकं उदाहरण अजून राहिलं. २०२१ मध्ये इंग्लंड-वेल्सच्या फॉर्मवर सोळा वर्षांवरच्यांसाठी ऐच्छिक प्रश्न आला: तुम्ही स्वतःचं जे लिंग मानता ते जन्माच्या वेळी नोंदलेल्या लिंगाशी जुळतं का? मार्च महिना, लॉकडाऊन. आमच्या शेजारच्या घरात साताऱ्याकडच्या एक आजी, मुलाकडे येऊन स्थायिक झालेल्या. मुलगा रुग्णालयात ड्युटीवर, म्हणून आजी कागदी फॉर्म घेऊन कुंपणाशी आल्या. दोन मीटर अंतर राखून मी अलीकडून मराठीत सांगायचं, त्यांनी पलीकडे खूण करायची. या प्रश्नावर मी जमेल तसं भाषांतर केलं. आजींनी पेन उचललं. ‘जन्माची नोंद? मी झाले तेव्हा आमच्या गावात कोण लिहून घेत होतं? नाहीच म्हणजे.’ आणि त्या ‘नाही’च्या चौकटीकडे वळल्या. मी ओरडलेच. नंतर दोघी हसलो, पण माझ्या डोक्यात किडा शिरला. माझ्यासारखी शेजारीण सगळ्यांकडे कुठे होती?

निकाल आले तेव्हा २ लाख ६२ हजार लोकांनी ‘नाही’ म्हटलं होतं. त्यातल्या १ लाख १८ हजारांनी पुढची लिहायची जागा कोरी सोडली होती. इंग्रजी कच्चं असलेल्यांत आणि स्थलांतरितांच्या वस्त्यांत प्रमाण भलतंच वर दिसत होतं. स्कॉटलंडने तोच विषय सरळ विचारला होता: तुम्ही स्वतःला ट्रान्स समजता का, किंवा पूर्वी तसे होतात का? तिथलं चित्र निराळं आलं. ही तुलना आणि वरची शंका, दोन्हींचा परिणाम म्हणून २०२४ मध्ये इंग्लंड-वेल्सच्या या आकड्यांचा अधिकृत मान्यतेचा शिक्का काढून घेतला आणि ते ‘अजून विकसित होत असलेले आकडे’ म्हणून ठेवले. उत्तर आयर्लंडने हा प्रश्न विचारलाच नव्हता. देशभर एकच फॉर्म असता तर चूक सापडायला आणखी किती वर्षं लागली असती कोण जाणे. ट्रान्स लोकांची खरी संख्या मात्र या गोंधळात धूसर झाली ती झालीच.

इथे कोणी म्हणेल, भारताचं बरं, सगळीकडे एक प्रश्नपत्रिका. प्रश्न एक असतो हे खरं, पण उत्तरांची यादी राज्याराज्यात बदलते. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यनिहाय आहेत. बंजारा माणूस कर्नाटकात अनुसूचित जातीत मोजला जातो, तेलंगणात जमातीत, आणि सोलापुरात आला की या दोन्ही रकान्यांत नाही, कारण महाराष्ट्रात तो विमुक्त जातींत येतो. कायदा बदलल्यानेही असंच होतं. १९८१ मध्ये महाराष्ट्रात अनुसूचित जाती ७.१ टक्के होत्या, १९९१ मध्ये ११.१. दहा वर्षांत इतकी मुलं झाली नव्हती. १९९० मध्ये बौद्धांनाही अनुसूचित जातींत धरायचं ठरलं, ही ती वाढ.

तर तुमच्या शीटचं काय करायचं. ‘भारतीय’ हा वांशिक गट चारही फॉर्मवर आहे आणि तो बऱ्यापैकी जुळतो. इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १९ लाख, ३.१ टक्के. स्कॉटलंडच्या चौकटीत ‘भारतीय, स्कॉटिश भारतीय किंवा ब्रिटिश भारतीय’ असं लांबलचक लिहिलंय, त्याने फार बिघडत नाही. याची बेरीज करा, खाली तारखेची टीप टाका. जन्मस्थान तर सगळ्यात सुरक्षित, ते अस्मितेवर कमी अवलंबून असतं. पासपोर्टवर मात्र विसंबू नका. स्विंडनमधले अनेक गोवेकर पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले आहेत. जन्म भारतात, पासपोर्ट पोर्तुगालचा, भाषा कोणी कोकणी लिहितो, कोणी इंग्लिश. तुमच्या मंडळाच्या नाटकाला त्यांच्यातले किती येतील हे कुठल्याच रकान्यावरून कळणार नाही.

भाषेसाठी चार स्वतंत्र ओळी ठेवा, बेरजेचा रकाना कोराच राहू द्या. मंडळाच्या अध्यक्षांनी एकच आकडा मागितला तर इंग्लंड-वेल्सचा द्या आणि तो फक्त इंग्लंड-वेल्सचा आहे, मुख्य भाषेचा आहे, हे त्याच वाक्यात सांगा. आणि कोष्टक उतरवताना वयाची अट तपासा. भाषेचे प्रश्न तीन वर्षं आणि त्यावरच्यांनाच विचारलेले असतात, त्यामुळे तुमच्या मंडळातली पाळण्यातली बाळं यातल्या कुठल्याही आकड्यात नाहीत.